एक्सोमचा रिपोर्ट वाचायला शिकताना

एक्सोमचा, म्हणजे जनुकांतल्या प्रथिन बनवणाऱ्या भागाच्या डीएनए तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की बहुतेक रेसिडेंट थेट ‘पॅथोजेनिक’ (रोगकारक) हा शब्द शोधत पानं उलटतात. ही सवय आधी मोडायची. रिपोर्ट म्हणजे लॅबचं मत, आणि ते मत तुम्ही पुरवलेल्या माहितीवर उभं असतं. रिक्विझिशन फॉर्मवर ‘डेव्हलपमेंटल डिले’ एवढंच खरडून पाठवलं, तर लॅबने वीस-पंचवीस हजार व्हेरियंटांतून, म्हणजे डीएनएतल्या बदलांतून, नेमका कुठला उचलायचा? तो उचलण्याचं निम्मं काम ओपीडीत होतं.

मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम करणाऱ्यांना याच कामासाठी तीन वर्षं मिळतात. हे टिपण बालरोग, मेडिसिन, स्त्रीरोग, पॅथॉलॉजी किंवा ऑन्कॉलॉजीत पीजी करणाऱ्यांसाठी, आणि लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या एमएस्सीवाल्यांसाठी आहे. आठवड्यातल्या दोन दुपारी आणि सहा महिने हाताशी आहेत असं धरलं आहे. मुंबईत शिकणाऱ्यांची एक सोय आहे: केईएम, वाडिया, टाटा मेमोरियल, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करणारी आयसीएमआरची एनआयआयएच आणि प्रजनन आरोग्यावरची एनआयआरआरसीएच, सगळं परळ भागात चालत जाण्याच्या अंतरावर आहे. केस कॉन्फरन्सला बसायची परवानगी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, आणि ऐकायला जाताना निदान एका केसचं स्वतःचं वर्गीकरण करून जा. नुसतं ऐकून या विषयात काही हाती लागत नाही.

पहिला महिना: संगणक बंद

पहिले चार आठवडे फक्त वंशवेल काढायची आणि लक्षणं नीट शब्दांत मांडायची.

वंशवेल मराठीत विचारा आणि मराठी नात्यांतच टिपून घ्या. केसपेपरवर ‘अंकल’ लिहिलं की काका, मामा आणि मावशीचे यजमान एकाच चौकटीत जाऊन बसतात, मग आठवड्याने कुणालाच सांगता येत नाही की आजारी होता तो नेमका कोण. ‘मामाला होतं, मावशीच्या मुलाला आहे, काकांकडे कुणालाच नाही’ हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंत तर एक्स-लिंक्ड (एक्स क्रोमोसोमवरून, आईकडून मुलाकडे येणाऱ्या) आजाराची दिशा तिथेच दिसते. तीन पिढ्या हव्यात. गर्भपात, लहानपणी दगावलेली मुलं, आणि ‘ते वेगळ्या कारणाने गेले’ म्हणून बाजूला सारलेली माणसंही हवीत.

‘नात्यात लग्न झालंय का?’ या प्रश्नाला हमखास ‘नाही’ असं उत्तर येतं. मामाची मुलगी करणं हे अनेक घरांत नात्यातलं लग्न समजलंच जात नाही, ती घरातली सोयरीक. म्हणून सरळ विचारा: मामाची मुलगी केली आहे का? आत्याकडे दिली आहे का? दोघांचं मूळ गाव कुठलं? सोयरिकी कुठल्या भागात होतात? आते-मामे भावंडांच्या अपत्यात सरासरी १/१६, म्हणजे सव्वासहा टक्के जीनोम दोन्हीकडून एकसारखा येतो. मामा-भाचीच्या लग्नात तो १/८, म्हणजे साडेबारा टक्के. पुढे लॅबच्या रिपोर्टात होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रती एकसारख्या असलेल्या, पट्ट्यांचा आकडा येईल तेव्हा तो वंशवेलीशी ताडून बघायचा. पट्टा एकाच क्रोमोसोमवर असेल आणि बाकी जीनोम स्वच्छ, तर नात्यातल्या लग्नापेक्षा युनिपॅरेंटल डायसोमीचा, म्हणजे त्या क्रोमोसोमच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आल्याचा, विचार आधी करायचा.

समाज विचारताना बऱ्याच तरुण डॉक्टरांना अवघडल्यासारखं होतं. पण ही माहिती निदानाचा भाग आहे. डोक्याचा घेर मोठा, चालणं हळूहळू बिघडतंय, एमआरआयमध्ये पांढरा भाग सुजलेला आणि टेम्पोरल भागात सिस्ट, त्यात कुटुंब अगरवाल, हे एवढं लिहिलं की एमएलसी१ जनुकातला सी.१३५डुप हा बदल आधी तपासायचा हे जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. कारण सांगून विचारा: ‘काही बदल काही समाजांत जास्त सापडतात, म्हणून विचारतोय.’ मग कुणी वाईट वाटून घेत नाही.

लक्षणं एचपीओच्या, म्हणजे लक्षणांच्या प्रमाणित संज्ञांच्या यादीतल्या, शब्दांत लिहा. पाच ते आठ नेमक्या संज्ञा पुरतात. पंधरा-वीस ढोबळ संज्ञांनी सॉफ्टवेअरची क्रमवारी उलट बिघडते. ‘मायक्रोसेफली’ (डोकं लहान) लिहिलं तर सोबत घेर किती एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) खाली आहे आणि जन्मापासून आहे की नंतर आला, तेही लिहा. आणि जे नाही तेही लिहा. ‘फिट्स नाहीत’, ‘यकृत वाढलेलं नाही’ या नकारांनी निम्मी जनुकं यादीतून उतरतात.

दुसरा महिना: फाइल उघडून बघणं

लॅबकडून पीडीएफबरोबर व्हीसीएफ (सापडलेल्या बदलांची यादी) आणि बॅम (रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) फाइलही मागून घ्या. व्हीसीएफमध्ये सुरुवातीला चार गोष्टी बघायला शिका: डीपी म्हणजे त्या जागी किती रीड आहेत, एडी म्हणजे त्यांतले मूळ किती आणि बदललेले किती, जीक्यू म्हणजे जीनोटाइपची खात्री, आणि फिल्टरचा रकाना. हेटरोझायगस, म्हणजे दोनपैकी एकाच प्रतीवर असलेल्या, बदलात बदललेल्या रीडचं प्रमाण साधारण ३० ते ७० टक्क्यांत असायला हवं. १२ ते १५ टक्के दिसलं तर ते मोझेइक, म्हणजे काही पेशींपुरतंच, असेल किंवा चक्क खोटं. मग आयजीव्हीत, म्हणजे रीड डोळ्यांनी बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती जागा उघडायची. सगळे बदललेले रीड एकाच दिशेचे आहेत का? बदल प्रत्येक रीडच्या टोकालाच येतोय का? आजूबाजूला एकाच अक्षराची लांब माळ आहे का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर सँगर पद्धतीने (तेवढाच तुकडा वेगळा वाचून) पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रिपोर्टात ‘सरासरी डेप्थ १००’, म्हणजे एका जागी सरासरी १०० रीड, असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा सुखावतो. सरासरीला अर्थ नाही. तुम्हाला ज्या जनुकाचा संशय आहे, त्याच्या प्रत्येक एक्झॉनवर (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यावर) किमान २० रीड आहेत का, हे विचारायचं. निगेटिव्ह रिपोर्टात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असतो आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

एक केस जवळून

समजा, अकरा महिन्यांचं मूल. फिकट, प्लीहा चार सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ५, थॅलेसेमिया मेजरचं चित्र. रक्त चढवण्याआधी नमुना घेतलेला आहे. हे आधी तपासायचं, कारण रक्त दिल्यानंतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीसाठी साधारण तीन महिने थांबावं लागतं. वडील मराठी, आई सिंधी. एक्सोममध्ये एचबीबी जनुकात एकच बदल, हेटरोझायगस: सी.९२+५जी>सी. जुन्या पुस्तकांत आणि थॅलेसेमिया सेंटरच्या बोलण्यात याला आयव्हीएस१-५ म्हणतात, आणि भारतात बीटा थॅलेसेमियाचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

पहिला घोटाळा नावातच होतो. एचबीबी जनुक उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे रिपोर्टातला जी>सी हा बदल व्हीसीएफमध्ये सी>जी असा दिसतो. शिवाय जीनोमची आवृत्ती ३८ असेल तर जागा क्रोमोसोम ११ वर ५२,२६,९२५ आणि आवृत्ती ३७ असेल तर ५२,४८,१५५. एका आवृत्तीचा आकडा दुसऱ्या आवृत्तीच्या डेटाबेसमध्ये टाकला की ‘आढळला नाही’ असं उत्तर येतं आणि शिकाऊ माणूस आनंदाने ‘दुर्मीळ’ म्हणून टिकमार्क करतो.

दुसरा घोटाळा कोडचा. कोड म्हणजे वर्गीकरणाच्या नियमावलीतले पुराव्याचे प्रकार, त्यांचे गुण पुढे येतील. स्प्लाइस जागा, म्हणजे एक्झॉन आणि मधल्या इंट्रॉनची कड, दिसली की पीव्हीएस१, म्हणजे जनुकाचं कार्य बंद पाडणाऱ्या बदलाचा सर्वांत भारी कोड, लावायचा मोह होतो. तो नियम इंट्रॉनच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन अक्षरांपुरता आहे. पाचवं अक्षर त्यात येत नाही. आणि नेमक्या याच कारणाने ‘फक्त एक्झॉन आणि कडेची दोन अक्षरं’ असं फिल्टर लावलं तर देशातला सर्वांत नेहमीचा थॅलेसेमियाचा बदल यादीतून गळतो. कडेला किमान आठ-दहा अक्षरं घ्या. या बदलाला वजन मिळतं ते इतर पुराव्यांतून: स्प्लाइसएआय या अंदाज सांगणाऱ्या साधनाचा अंक ०.२ किंवा जास्त असेल तर पीपी३, प्रयोगशाळेत स्प्लाइसिंग बिघडल्याचं दाखवणाऱ्या कामामुळे पीएस३, आणि दुसऱ्या बाजूला ज्ञात रोगकारक बदल असलेल्या रुग्णांमुळे पीएम३. दोन्ही बदल समोरासमोरच्या प्रतींवर आहेत हे सिद्ध झालेल्या प्रत्येक रुग्णाला एक गुण. दोन गुणांना पीएम३ ‘स्ट्राँग’ होतो, चारांना ‘व्हेरी स्ट्राँग’. पीएम२, म्हणजे बदल दुर्मीळ असल्याचा कोड, मात्र इथे लावायचा नाही, कारण दक्षिण आशियाई लोकांत हा बदल दुर्मीळ नाही.

तिसरा घोटाळा सगळ्यात महागाचा. एकच हेटरोझायगस बदल, म्हणून ‘मूल वाहक आहे, आजाराचं कारण दुसरं शोधा’ असं लिहून मोकळं होणं. मुलाची प्लीहा काही वाहकाची नाही. चित्र मेजरचं आणि बदल एकच, म्हणजे दुसरा बदल आहे पण पद्धतीला दिसलेला नाही. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ बेसचं (अक्षरांचं) एक डिलीशन नेहमी सापडतं. ते दुसऱ्या इंट्रॉनपासून जनुकाच्या शेपटापर्यंतचा तुकडा, तिसऱ्या एक्झॉनसह, उडवतं. छोटे बदल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही. आयजीव्हीत मात्र दिसतं: पहिल्या एक्झॉनवर ११८ रीड, दुसऱ्यावर १२४, तिसऱ्यावर ६१. एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, कारण एक्सोममध्ये एक्झॉनागणिक डेप्थ कमी-जास्त असतेच. त्याच बॅचमधले दुसरे चार-पाच नमुने शेजारी उघडा. त्यांच्यात तिसरा एक्झॉन निम्मा नसेल तर गॅप-पीसीआर, म्हणजे ठरावीक डिलीशन पकडणारी चाचणी, मागवा. आईचं हिमोग्लोबिन ए२ चारच्या वर, आईत डिलीशन, वडिलांत सी.९२+५जी>सी, असं आलं की हिशेब जुळला.

हे जुळवणं निव्वळ अभ्यासासाठी नाही. या जोडप्याच्या पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सीव्हीएस, म्हणजे वारेच्या पेशींची तपासणी, करायचं, तर दोन्ही बदल आधी माहीत असावे लागतात. एकच माहीत असला तर गर्भाच्या नमुन्यातून अर्धवट उत्तर मिळतं.

कोड आणि गुण

वर्गीकरणाचा पाया एसीएमजी आणि एएमपी या अमेरिकी व्यावसायिक संस्थांची २०१५ ची नियमावली. पाच वर्ग: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, अनिश्चित म्हणजे व्हीयूएस, लाइकली बिनाइन, बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. मूळ नियमांतली ‘एक स्ट्राँग आणि दोन मॉडरेट’ छापाची कोष्टकं पाठ करण्यापेक्षा गुणांची पद्धत सोपी पडते: सपोर्टिंगला १, मॉडरेटला २, स्ट्राँगला ४, व्हेरी स्ट्राँगला ८, आणि बिनाइन पुरावा असेल तर तेवढेच उणे. बेरीज १० किंवा जास्त तर पॅथोजेनिक, ६ ते ९ लाइकली पॅथोजेनिक, ० ते ५ व्हीयूएस, उणे १ ते उणे ६ लाइकली बिनाइन, त्याखाली बिनाइन.

मूळ २०१५ चा तक्ता भिंतीवर चिकटवून काम करू नका, बऱ्याच कोडचं वजन नंतर बदललं. पीएम२ आता सपोर्टिंग धरतात. पीपी५ आणि बीपी६, म्हणजे ‘दुसऱ्या कुणीतरी म्हटलं आहे’ हे पुरावे, वापरायचे नाहीत. मिससेन्स, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणाऱ्या, बदलाला रेव्हेल या अंदाज सांगणाऱ्या साधनाचा अंक ०.६४४ पासून सपोर्टिंग, ०.७७३ पासून मॉडरेट, ०.९३२ पासून स्ट्राँग. एकच साधन आधी ठरवा आणि तेच वापरा. पाच साधनं चालवून त्यांतलं हवं ते निवडणं ही फसवणूक आहे, स्वतःचीच. तसंच ज्या जनुकासाठी क्लिनजेन या जनुकांचे पुरावे तपासणाऱ्या प्रकल्पाच्या तज्ज्ञगटाने वेगळे नियम केले आहेत तिथे तेच पाळायचे, सर्वसाधारण नाहीत.

पीव्हीएस१ डोळे झाकून लावण्याचं प्रमाण फार आहे. स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारा संकेत) शेवटच्या एक्झॉनमध्ये किंवा उपान्त्य एक्झॉनच्या शेवटच्या ५० बेसमध्ये असेल तर आरएनए बहुधा नष्ट होत नाही, आखूड प्रथिन तयार होतं. तेव्हा पूर्ण आठ गुण द्यायचे नाहीत. आणि त्याआधीचा प्रश्न: या जनुकात कार्य बंद पडल्याने आजार होतो हे माहीत तरी आहे का? काही जनुकांत फक्त कार्य वाढल्याने आजार होतो. तिथे स्टॉप कोडॉन निरुपद्रवी ठरू शकतो.

क्लिनव्हारमध्ये, म्हणजे लॅबनी नोंदवलेल्या वर्गीकरणांच्या खुल्या डेटाबेसमध्ये, उत्तर बघायचं ते स्वतःचे गुण लिहून झाल्यावरच. तिथे तारे मोजा. एक तारा म्हणजे निकष देऊन आलेली नोंद, बहुतेकदा एकाच लॅबची. दोन म्हणजे अनेक लॅब एकमताने. तीन म्हणजे तज्ज्ञगट. चार म्हणजे मान्यताप्राप्त मार्गदर्शक तत्त्वं. शून्य तारा असलेली वीस वर्षांपूर्वीची नोंद हा पुरावा धरू नका.

आपल्या माणसांचे आकडे

कुठला बदल किती लोकांत आढळतो हे सांगणाऱ्या नोमॅड डेटाबेसच्या चौथ्या आवृत्तीत, २०२३ पासून, सात लाखांवर एक्सोम आणि ७६ हजारांवर जीनोम आहेत. आकडा मोठा, पण त्यांत युरोपीय वंशाचे लोक फार जास्त. दक्षिण आशियाई रकाना वेगळा बघा, एकूण सरासरी कधीच नको. त्या रकान्यातही आपला एखादा छोटा समाज असेलच असं नाही. म्हणून सीएसआयआरचं इंडिजेन, ज्यात १,०२९ भारतीयांचे पूर्ण जीनोम आहेत, तेही उघडा. दहा हजार जीनोमच्या जीनोमइंडियाचा डेटा संशोधनासाठी जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला.

पाच टक्क्यांहून जास्त आढळणारा बदल बीए१ खाली आपोआप बिनाइन, असा नियम आहे, पण त्याला मोजके अपवाद ठरवून दिलेले आहेत, एचएफई आणि जीजेबी२ मधले काही बदल त्यांत येतात. पाच टक्क्यांखालची गंमत बघायची असेल तर एमवायबीपीसी३ घ्या. या जनुकाच्या ३२ व्या इंट्रॉनमधलं २५ बेसचं डिलीशन दक्षिण आशियात सुमारे चार टक्के लोकांत आहे आणि २००९ पासून त्याचा कार्डिओमायोपथीशी (हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी) संबंध सांगितला जातो. लोकलच्या एका भरल्या डब्यात ते दहा-बारा जणांत निघेल, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होणार नाही. नंतरच्या कामातून दिसलं की हायपरट्रॉफिक प्रकारातला बराच धोका त्याच हॅप्लोटाइपवर (एकत्र वारशाने येणाऱ्या पट्ट्यावर) कधीकधी सोबत येणाऱ्या सी.१२२४-५२जी>ए या बदलाचा आहे. म्हणून हे डिलीशन रिपोर्टात दिसलं तर तो दुसरा बदल आहे का हे लॅबला विचारा, आणि नुसत्या डिलीशनवरून अख्ख्या खानदानाचे इको काढायला लावू नका.

एक्सोमला न दिसणारं

हा भाग पाठच करावा लागतो. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात एसएमएन१ आणि एसएमएन२ ही जनुकं जवळजवळ सारखी असल्याने साध्या विश्लेषणात गोंधळ होतो, तिथे आधी एमएलपीए, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी. डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजारात सुमारे दोन-तृतीयांश मुलांत मोठी डिलीशन असतात, पुन्हा एमएलपीए आधी. फ्रॅजाइल एक्स या आजारातली सीजीजी अक्षरांची माळ एक्सोम मोजत नाही, ट्रिपलेट-प्राइम्ड पीसीआर लागते. सीवायपी२१ए२, जीबीए१, पीएमएस२ यांना जुळे स्यूडोजीन (निकामी प्रती) आहेत, त्यामुळे तिथला निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह दोन्ही संशयाने वाचायचा. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाच्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो, त्वचेचा नमुना लागतो.

ट्यूमरच्या रिपोर्टाला पाच वर्गांची ही पट्टी लावू नका. तिथे २०१७ ची चार पायऱ्यांची वेगळी पद्धत आहे आणि तिचा प्रश्न वेगळा: या बदलाने उपचार बदलतो का? मात्र ट्यूमरमध्ये बीआरसीए१ चा बदल ५० टक्क्यांच्या आसपास दिसला तर तो जन्मजात असू शकतो. रक्तावर वेगळी चाचणी आणि समुपदेशन केल्याशिवाय बहिणींना बोलवायचं नाही.

गर्भाचा नमुना

गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, १९९४ चा आणि २००३ मध्ये दुरुस्त केलेला, इथे प्रत्येक ओळीला लागू आहे. चाचणी नोंदणीकृत केंद्रातच, फॉर्म जी वर संमती घेऊन. रिपोर्टात, तोंडी, खुणेने, कसंही लिंग सांगायचं नाही. डुशेनच्या कुटुंबातही ‘आजार आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच. एक बारीक गोष्ट हटकून सुटते: गर्भाची कच्ची फाइल कुटुंबाला दिली तर एक्स आणि वाय क्रोमोसोमच्या डेप्थवरून लिंग कुणालाही काढता येतं. ती द्यायची नाही.

गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत याची चाचणी झाल्याशिवाय निकाल वाचायचाच नाही, नाहीतर तुम्ही आईचाच जीनोटाइप वाचत बसाल. दिवसांचा हिशेब उलटा मांडा. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक प्रवर्गांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, त्यापुढे गंभीर गर्भव्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. १६ व्या आठवड्यात गर्भाभोवतीचं पाणी तपासणीसाठी काढलं आणि एक्सोमला चार आठवडे लागले, तर विसावा उजाडतो. त्यात पुन्हा सँगर आणि पालकांचे नमुने. पालकांचं रक्त त्याच दिवशी घ्या.

सराव आणि वही

उरलेल्या महिन्यांत किमान ६० व्हेरियंट सोडवा. निम्मे रोगकारक, चौथाई बिनाइन, उरलेले अनिश्चित, सगळे विभागातल्या जुन्या, नाव काढून टाकलेल्या केसमधले. प्रत्येक व्हेरियंट दोघांनी एकमेकांना न दाखवता सोडवायचा. वर्ग जुळला पण कोड जुळले नाहीत, तरी बसून बोला. चुका तिथेच सापडतात. वहीत जनुक, ट्रान्सक्रिप्टचा (जनुकाच्या ज्या आरएनए-प्रतीवरून बदलाचं नाव लिहिलं तिचा) क्रमांक, जीनोमची आवृत्ती, प्रत्येक कोड आणि त्यामागचं एका ओळीचं कारण, डेटाबेस पाहिल्याची तारीख. ट्रान्सक्रिप्ट लिहिला नाही तर सहा महिन्यांनी तीच नोंद तुम्हालाच वाचता येत नाही.

संमतीपत्र एक्सोमआधी नीट समजावणं हाही शिकण्याचाच भाग. आई-वडील-मूल असा ट्रायो तपासला की पितृत्वाचा प्रश्न निघू शकतो. मागणी नसताना सापडणाऱ्या निष्कर्षांची एसीएमजीची यादी २०२५ मध्ये ८४ जनुकांची झाली. ती माहिती हवी की नको हे कुटुंबाने आधी ठरवायचं.

व्हीयूएस कुटुंबाला सांगताना ‘काहीतरी निघालंय पण खात्री नाही’ असं म्हणू नका, घरी जाईपर्यंत त्याचं ‘जीन खराब आहे’ होतं. असं सांगा: ‘एक वेगळेपण दिसलं आहे. त्याने आजार होतो की नाही, हे आजच्या माहितीवर ठरत नाही. म्हणून यावर आम्ही औषध, ऑपरेशन किंवा घरच्यांची तपासणी ठरवणार नाही. एका वर्षाने पुन्हा बघू.’ आणि फाइलवर ती पुढची तारीख तिथल्या तिथे घाला. नातेवाइकांत बदल कुणाकुणाकडे आहे हे बघून वर्ग बदलायची शक्यता असेल, तर तेवढ्यापुरतीच त्यांची तपासणी मागवा, आणि ती कशासाठी हे फॉर्मवर लिहा.